चाल साहेबाची, बैठक आमची

मला क्लॅरनेट चांगलं वाजवता येतं. हे वाक्य लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, पण आता लिहिलंच आहे तर खोडणार नाही. बाकी सगळ्या बाबतींत मी आधी माफी मागतो आणि मग बोलतो. बारामतीत माझं अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकाच्या पुतण्यानं वायर उलटी जोडून मशीन जाळलेलं असतं आणि ‘सॉरी हं’ मी म्हणतो. बायको म्हणते, “जलमल्या जलमल्या सुइणीला बी सॉरी म्हणाला असाल तुमी.” असेन. क्लॅरनेटच्या बाबतीत मात्र मी कुणाला सॉरी म्हणत नाही.

आम्ही इंदापूरचे बँडवाले. आजोबांनी बँड उभा केला, त्यांच्यामागे चाचा मास्तर झाले. माझे वडील त्याच बँडमध्ये ढोल वाजवायचे. ते गेल्यावर चाचांनीच मला दुसऱ्या क्लॅरनेटवर उभं केलं. लग्नसराईत मी दुकानाला कुलूप लावतो, लाल कोट अंगात चढवतो आणि चाचांच्या डाव्या हाताला उभा राहतो. इंदापूर, बावडा, बारामतीची बाजू, निमगाव, जिथली सुपारी असेल तिथे.

आमच्या बँडची सुपारी लोक देतात ती बैठकीसाठी.

लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला निघतो, त्याला आमच्या भागात परण्या म्हणतात. परण्या मारुतीपुढे पोचला की आम्ही ‘साहेबाची चाल’ वाजवतो. फार जुनी, उड्या मारत जाणारी चाल. नीरेकाठच्या एका साखर कारखान्यावर पूर्वी गोरा साहेब होता, त्याच्या बंगल्यावर डान्स व्हायचे, तिथून आजोबांनी ती उचलली. पोरं नाचत असतात आणि मध्येच ती ढिली पडायला लागते. ती नुसती मंद होत नाही. सूरही खाली घसरतो. क्लॅरनेट, ट्रंपेट, सगळे एकाच उतारावरून पाय घसरल्यासारखे खाली खाली येतात. नाचणारे गुडघ्यांत वाकतात, वाकत वाकत रस्त्यावर बसतात. वाजवणारेही बसतात. म्हातारी माणसं खुर्चीतल्या खुर्चीत मान खाली घालतात. शेवटी एकटा मास्तर गुडघ्यावर टेकून सगळ्यांत खालचा सूर धरून राहतो. मग नवरदेवाचा मामा पुढे येतो, मास्तरचा उजवा कोपर धरतो आणि गोल गोल फिरवायला लागतो. कोपर फिरेल तसा सूर चढतो, चाल वेग घेते, सगळा रस्ता उठतो, आणि मग जी धूळ उडते ती मी वर्णन करून सांगू शकत नाही.

ही बैठक दुसऱ्या कुठल्या बँडला येत नाही. सूर सगळ्यांना सापडतात, उतार सापडत नाही. आमचे ट्रंपेटवाले कळा अर्ध्याच दाबून सूर खाली सोडतात, ते शिकायला वर्षं जातात.

वाजवण्याआधी चाचा माइकवर गोष्ट सांगायचे. आजोबा एका लग्नात सकाळपासून उपाशीपोटी वाजवत होते. मारुतीच्या दारात त्यांचा दम सुटला, सूर घसरला, ते गुडघ्यावर आले, पण क्लॅरनेट ओठांपासून हललं नाही. नवरदेवाच्या मामानं धावत येऊन कोपराला धरून त्यांना उठवलं, आणि चाल पुन्हा उभी राहिली. “तवापासनं,” चाचा म्हणायचे, “चाल साहेबाची, बैठक आमची.” आणि माना डोलायच्या. माझीही.

आता माझी चूक सांगतो. मी शोधायला गेलो.

बारामतीतल्या एका बँडमास्तरनं मला चहाच्या गाड्यावर टोमणा मारला होता. “बैठक बी साहेबाचीच असंल की. तुमच्या आज्यानं सगळंच उचललं, मग तेवढं ठेवलं व्हय?” चहा मला कडू लागला. मी ठरवलं, साहेबाच्या चालीची मूळ रेकॉर्ड कुठे असेल तर ती मिळवायची आणि त्यात बैठक नाही हे या माणसाच्या कानाला लावून दाखवायचं.

त्या काळातल्या तबकड्या आता कुणी वाजवत नाही, पण परदेशात काही वेडी माणसं त्या गोळा करतात, धुतात, त्यांची खरखर काढतात आणि नव्यानं छापतात. सुरुवातीचा जॅझ, हॉटेलांतले डान्स बँड, जहाजांवरचे बँड. मी एकेक मागवायला लागलो. जुना टर्नटेबल दुरुस्त केला, गाडीवरच्या बँडसाठी बॅटरीवर चालणारे अ‍ॅम्प्लिफायर मी बनवतोच, त्यातला एक जोडला आणि दुकानात ऐकत बसलो. शोधायचं राहिलं बाजूला. मी त्या संगीतात अडकलो.

कारण ते आमचंच होतं. म्हणजे चाली त्यांच्या, पण कामाची रीत आमची. ट्रंपेट रस्ता धरून चालतो आणि क्लॅरनेट त्याच्या डोक्यावरून घिरट्या घालतं, हे मी लहानपणापासून करत आलो होतो आणि मला वाटायचं हे इंदापुरात निघालं. खालचा मोठा पितळी बाजा एकेक सूर असा टाकतो, जसं कुणी पोतं खाली ठेवावं. मधून एक वाजवणारा पुढे येऊन चार ओळी आपल्या मनानं वाजवतो आणि गुमान जागेवर परत जातो. फार मस्ती नाही, फार नम्रता नाही. रेकॉर्डसोबतच्या पुस्तिकेत वाचलं की त्या काळी ढोल जोरात वाजला की तबकडी कापणारी सुई उडायची, म्हणून ढोलवाल्याला लांब ठेवत, कधी नुसते लाकडाचे ठोकळे वाजवायला देत. हे मी आमच्या ढोलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग ऐकायचं काय त्यात?”

आणि एक दिवस, एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला, साहेबाची चाल आली.

मी उभा राहिलो. उभं राहायची सवयच आहे. चाल सुरू झाली, खेळली, क्लॅरनेट वर गेलं, खाली आलं, आणि जिथे बैठक यायला हवी तिथे ती आलीच नाही. चाल सरळ चालत जाऊन संपली. मी पुन्हा लावली. सरळ. घरी फोन केला. “सापडली! त्यात बैठक नाही!”

“नसलेली गोष्ट सापडली,” बायको म्हणाली, “म्हणून येवढा आनंद?”

तो आनंद मी जवळजवळ आठवडाभर उपभोगला. दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवली. टोमणा मारणाऱ्या मास्तरलाही मुद्दाम बोलावलं. त्यानं डोकं खाजवत ऐकलं आणि “बरं बाबा, तुमची,” म्हणाला.

मग एका दुपारी रेकॉर्ड चालू असताना वीज गेली.

टर्नटेबल लाइनच्या विजेवर होता, अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीवर. त्यामुळे आवाज बंद झाला नाही. तबकडी मंदावत गेली आणि तिच्याबरोबर तो गोऱ्यांचा बँड खाली घसरायला लागला. क्लॅरनेट, ट्रंपेट, सगळे एका उतारावरून. ते बसले. अगदी खाली जाऊन एक सूर कण्हला, तेवढ्यात वीज परत आली, पट्टा ताणला गेला, तबकडीनं वेग धरला आणि चाल उठून उभी राहिली.

माझ्या दुकानात, भर दुपारी, बैठक वाजली होती.

मला कळायला वेळ लागला नाही, कळून घ्यायला लागला. आजोबांनी चाल बंगल्यावरून उचलली ती नुसती डान्स ऐकून नाही, मशिनीवरून. साहेबानं टाकून दिलेला ग्रामोफोन असणार. तो चावीवर चालतो. स्प्रिंग थकलेली, एका चावीत तबकडी पुरी होत नाही. मध्येच मशीन बसायचं, मग कुणीतरी हँडल मारायचं, मग ते उठायचं. आजोबा जसं ऐकलं तसं शिकले, आणि बँडला तसंच शिकवलं. उपाशीपोटी दम सुटला तो स्प्रिंगचा. मामा कोपर गोल का फिरवतो हे मी कधी विचारलं नव्हतं. माणसाला उठवायचं तर वर ओढतात. गोल हँडल फिरवतात.

त्या लग्नसराईत मी चाचांच्या डाव्या हाताला उभा राहून त्यांची गोष्ट ऐकली. प्रत्येक परण्यात त्यांनी ‘मामानं धावत येऊन’ म्हटलं की माझी मान खाली जायची. लोकांना वाटायचं, मी भारावलोय. वाजवताना माझा सूर स्वच्छ होता, त्याची मी खात्री देतो. पण रस्त्यावर बसताना मला वाटायचं, या सगळ्या बसलेल्या माणसांमध्ये मी एकटाच खोटा बसलोय.

गप्प राहिलो असतो. पण सराईच्या मध्यावर चाचांनी सगळ्या बँडसमोर जाहीर केलं, “माजे दात हलाया लागल्यात. म्होरल्या सुपारीपासनं मास्तर ह्यो.” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मास्तर होणं म्हणजे नुसतं पहिलं क्लॅरनेट वाजवणं नव्हे. माइकवरची गोष्टही मास्तरच सांगतो. ती आता माझ्या तोंडात येणार होती.

बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. “सांगा त्यास्नी,” ती म्हणाली. “पर माफी मागू नका. तुमी माफी मागितली की त्यास्नी वाटंल, कायतरी वाईट झालंय.”

मी टर्नटेबल, अ‍ॅम्प्लिफायर आणि बॅटरी गाडीत घातली आणि इंदापूरला गेलो. चाचांचं घर बाजारामागे, बाहेर हायवेवरच्या ट्रकचे हॉर्न ऐकू येतात. चाचा कॉटवर बसून क्लॅरनेटच्या तोंडाशी बसतात त्या वेताच्या पत्त्या तासत होते. मशीन बघून म्हणाले, “ह्ये काय, दुकान हितं हलवलंस का?”

“साहेबाची चाल सापडली, चाचा. मूळ रेकॉर्ड. नव्यानं काढलीय.”

त्यांनी पत्त्या बाजूला ठेवल्या. मी सुई टेकवली. पहिल्याच सुरांना चाचांचा पाय हलायला लागला. “आरं! तीच की! तीच!” थोडं पुढे गेल्यावर भुवया उंचावल्या. “क्लॅरनेटवाला कोण?”

“नाव न्हाय. पुस्तकात बाकीच्यांची हायत, क्लॅरनेटवाला म्हाईत न्हाय असं लिवलंय.”

“मग गरिबाघरचा असणार,” चाचा म्हणाले. “झ्याक वाजवतंय गडी.”

बैठकीची जागा आली तसे त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पुढे वाकले. चाल सरळ निघून गेली. ते वाकलेलेच राहिले.

“बसली न्हाय.”

“त्यात बैठक न्हाईच, चाचा.”

“न्हाईच की. ती आपली हाय.” त्यांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. “येवढं दावाया मशीन उचलून आनलंस? शाणा हायेस.”

मी इथे थांबू शकलो असतो. चहा पिऊन, शाबासकी घेऊन बारामतीला परत आलो असतो. मी सुई मागे घेतली, आणि बैठकीची जागा आली तसं तबकडीच्या कडेला बोट टेकवलं. गोऱ्यांचा बँड घसरला. बोट उचललं. उठला.

चाचा उठले, आत जाऊन पाणी प्यायले, परत आले. “पुन्हा.”

मी पुन्हा केलं.

“हात काढ.” ते तबकडीशी वाकले आणि आपला उजवा अंगठा कडेला धरला. क्लॅरनेटचं सगळं वजन उजव्या अंगठ्यावर पडतं, तिथे त्यांना कायमचा घट्टा आहे. तो घट्टा त्यांनी तबकडीवर इतका हलका टेकवला की मला वाटलं, टेकलाच नाही. आणि चाल बसायला लागली. माझ्या बोटाखाली ती आपटली होती. त्यांच्या अंगठ्याखाली ती पायरी पायरीनं उतरली, शेवटच्या पायरीवर थांबली, श्वासभर थांबली, आणि उठली. तो नाव नसलेला क्लॅरनेटवाला अगदी इंदापूरचा वाजला.

“तुजं बोट लई घाईत हाय,” चाचा म्हणाले. “मशीन दमानं बसत असणार.”

म्हणजे त्यांना कळलं होतं. मी काही समजावलं नव्हतं.

“चाचा, मला माफ—”

“तू गप. स्प्रिंग तू तोडलीस का?” ते कॉटवर बसले.  मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “अब्बाचं दोनी हात क्लॅरनेटवर. तोंड क्लॅरनेटवर. मग हँडल कोण फिरवायचं?”

आजोबांच्या हातांचा मी विचारच केला नव्हता.

“घरात दुसरं हुतंच कोण तवा,” ते म्हणाले. “अम्मा.”  मग एकदम आवाज बदलला. “हे कुणाला सांगितलंस?”

“फक्त घरी.”

“मग तितंच राहू दे.”

“चाचा, मास्तर झालो तर माइकवर ती गोष्ट माझ्या तोंडून निघणार न्हाय.”

“मग मास्तर व्हऊ नगंस.”

एवढंच. त्यांनी पत्ती उचलली आणि तासायला लागले. मी मशीन उचललं. दारात चप्पल घालताना वाटलं, हाक येईल. आली नाही.

मला त्या दिवसांत काय वाटत होतं ते लपवत नाही. मला मास्तरकी हवी होती. फार हवी होती. जन्मभर दुसऱ्या क्लॅरनेटवर उभा राहून मी पहिल्याची प्रत्येक ओळ मनात वाजवली होती. आणि आता एका म्हाताऱ्या माणसाची हयातभराची गोष्ट मी त्याच्याच घरात जाऊन मोडून आलो होतो, आणि वर अटही घातली होती. सांगितलं नसतं तर? तरी पुन्हा विचार केला की उत्तर तेच येई: सांगायला हवं होतं. वाईट वाटणं आणि चूक असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला त्या दिवसांत पहिल्यांदा कळलं.

पुढची सुपारी कोऱ्हाळे बुद्रुकची होती. मास्तर म्हणून चाचाच उभे राहिले. मी डाव्या हाताला. बँडमधल्या कुणी काही विचारलं नाही, पण ट्रंपेटवाल्यानं माझ्याकडे भुवई उडवली. मारुतीपुढे चाचांनी माइक घेतला आणि तीच गोष्ट, त्याच शब्दांत, खणखणीत सांगितली. उपाशीपोटी आजोबा, सुटलेला दम, धावत आलेला मामा. एक शब्द हलला नाही. मी खाली बघितलं नाही. त्यांच्याकडे बघत राहिलो. तेही माझ्याकडे बघून सांगत होते.

परतताना टेम्पोत आम्ही दोघे पुढे, ड्रायव्हरशेजारी. दोन्ही बाजूंना ऊस. चाचा खिडकीबाहेर बघत होते.

“अब्बांनी कदी काय सांगितलंच न्हाय,” ते अचानक म्हणाले.

“काय?”

“गोष्ट. अब्बा नुसतं म्हणायचं, बसलं की कोपर फिरवायचा. का, ते न्हाय. मग त्ये गेलं, माइक आला. लोक इचाराया लागलं, मास्तर, ही बैठक कशापायी? आता माइक हातात आसल्यावर म्हाईत न्हाय कसं म्हणायचं? मी जुळवली. उपाशीपोट, मामा, समदं. पयल्यांदा सांगितली तवा बायामाणसं रडली. मग ती सोडवंना.”

ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. त्यालाही ऐकायचं होतं.

“सांगता सांगता मलाच खरी वाटाय लागली,” चाचा म्हणाले. “तुजी रेकॉर्ड ऐकस्तवर मी इसरलोच हुतो, की ती माजी हाय. म्हणून राग आला. तुजा न्हाय.”

मी जन्मभर ज्यांच्यासमोर अपराध्यासारखा उभा होतो, ते माझ्यापेक्षा जुना अपराध खिशात घालून फिरत होते. मला हसू आलं. माफ करा, पण आलं. चाचांनी बघितलं आणि तेही हसले, हलणाऱ्या दातांनिशी.

“बावड्याची सुपारी तुजी,” ते म्हणाले. “गोष्ट बी तुजी. पर नीट सांग. अब्बाला आडाणी करू नगंस. त्यो बंगल्यावर ती चाल सरळ बी ऐकून आला हुता, सरळ वाजवाया येत न्हवती असं न्हाय. त्याला बसलेली आवडली.”

बावड्याचं लग्न मोठं होतं. चाचा बँडच्या गाडीवर खुर्ची टाकून बसले होते, पांढरा शर्ट घालून, पहिल्यांदाच लाल कोटाशिवाय. मारुतीपुढे गाडी थांबली आणि माइक माझ्या हातात आला. मी रात्रीच काय बोलायचं ते पाठ केलं होतं. समोर एवढी माणसं बघून त्यातलं निम्मं गेलं. मी सांगितलं की ही चाल परदेशातल्या डान्स बँडची आहे, आजोबांनी ती चावीच्या मशिनीवरून उचलली. मशिनीची स्प्रिंग थकलेली होती, म्हणून चाल मध्येच बसायची. आजपर्यंत आम्ही माइकवरून जी मामाची गोष्ट सांगत आलो ती खरी नाही. त्याबद्दल—

“मास्तर,” नाचणाऱ्यांतून कुणीतरी ओरडलं, “ऊन लागतंय! बसा की लवकर!”

सगळे हसले. मी इतके दिवस जे उरावर घेऊन फिरत होतो ते मी सांगून टाकलं होतं, आणि बावड्याला त्याचं काहीही वाटलं नव्हतं. त्यांना बसायचं होतं. मी माइक खाली ठेवणार एवढ्यात गाडीवरून चाचांचा आवाज आला, माइकशिवाय, सगळ्यांच्या वरून.

“आरं, हँडल कोण फिरवायचं ते सांग की!”

मी माइक पुन्हा तोंडाशी नेला. “आमची दादी,” मी म्हणालो. “आजोबांचे दोन्ही हात क्लॅरनेटवर असायचे. मशीन दादी फिरवायची.”

आणि क्लॅरनेट उचललं. साहेबाची चाल सुरू झाली. पहिलं क्लॅरनेट आता माझं होतं, त्यामुळे घिरट्या मी घातल्या, आणि त्या चांगल्या घातल्या. मग बैठक. मी घाई केली नाही. पायरी पायरीनं उतरलो. सगळा रस्ता माझ्याबरोबर खाली आला. ढोलवाला बसला, ट्रंपेटवाले बसले, आणि मी गुडघ्यावर टेकून खालचा सूर धरला.

नवरदेवाचा मामा पुढे आला, पण माझ्याजवळ येऊन थांबला. भरदार मिशांचा माणूस. कमरेवर हात ठेवून लोकांकडे वळला. “आता मास्तरच म्हणालं की हे बाईचं काम हाय. म्हंजी आमची नोकरी गेली!”

“मामीला बोलवा!” गर्दीतून आवाज आला. “ए मामी!”

सूर धरून ठेवायला दम लागतो, हे त्यांपैकी कुणाच्या लक्षात नव्हतं. माझ्या कानात रक्त वाजायला लागलं. मामीला बायकांनी ढकलत पुढे आणलं. तिनं पदर कमरेला खोचला आणि मामाला म्हणाली, “व्हा बाजूला. विहिरीवरच्या इंजनाला रोज हँडल कोण मारतंय आपल्यात?”

“तूच की,” मामा म्हणाला.

तिनं माझा कोपर धरला आणि मारला की हो. मामा लोक लाडानं फिरवतात, या बाईनं डिझेल इंजिन सुरू करायचं म्हणूनच फिरवला. पहिल्या फेऱ्याला माझ्या क्लॅरनेटमधून कोंबडीसारखा चीत्कार निघाला. दुसऱ्याला सूर अर्धा रस्ता चढून गेला. ट्रंपेटवाले धडपडत उठले. चाल नेहमीच्या वेगाला पोचली तरी ती थांबेना, हसतेय आणि फिरवतेय. म्हणून मग आम्हीही थांबलो नाही. चाल आजोबांच्या बैठकीच्या, त्या परदेशातल्या बँडच्या, सगळ्यांच्या पुढे पळाली. या वेगात ती कधी कुणी वाजवली नसेल. ढोलवाला शिव्या देत मागे धावत होता, आणि गाडीवर चाचा खुर्चीतून अर्धे उठून ओरडत होते, “दमानं! आरं दमानं!”

मला म्हणत होते की तिला, कळलं नाही. मी दमानं घेतलं नाही.